जंतुनाशक औषधांचा दाहशामक गुण: मराठवाड्यातील कुष्ठोपचाराच्या इतिहासातून

जंतूंना मारणारे किंवा त्यांची वाढ रोखणारे औषध म्हणजे प्रतिजैविक, ही व्याख्या सर्वपरिचित आहे. तथापि अशा औषधांपैकी काहींच्या अंगी आणखी एक गुण असतो. जंतूंचा लवलेश नसलेल्या ठिकाणीही ती त्वचेतील दाह, म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना या लक्षणांनी ओळखली जाणारी शरीराची संरक्षक प्रतिक्रिया, उतरवू शकतात. हा गुण वैद्यकाच्या ध्यानी यायला विसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला, आणि या विलंबाचे कारण मोजमापाच्या साधनांच्या अभावात शोधावे लागते. जोवर औषधाचा परिणाम रुग्णाच्या कातडीकडे पाहूनच ठरवला जात होता, तोवर चट्टा निवळला तो जंतू मेले म्हणून की दाह शमला म्हणून, हे सांगण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. या संभ्रमाचा आणि त्याच्या उकलीचा सर्वांत प्रदीर्घ अध्याय कुष्ठरोगाच्या उपचारात घडला. त्याचे आरंभीचे एक स्थळ जुन्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत ज्या राज्यात मोडत होता त्या राज्यात, सापडते.

धाराशिव जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास या विषयाशी वरवर पाहता असंबद्ध वाटेल, परंतु आरोग्यसेवेचा माग काढताना तो टाळता येत नाही. निजामाच्या राजवटीत जिल्ह्याचे ठाणे प्रथम नळदुर्ग येथे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते धाराशिवला आले आणि पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्या गावाला उस्मानाबाद हे नाव मिळाले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९८२ मध्ये या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला आणि २०२३ मध्ये धाराशिव हे जुने नाव पुन्हा अधिकृत झाले. राज्य बदलले की रुग्णाने जायचे मोठे इस्पितळही बदलते. संस्थानी काळात मोठ्या उपचारांसाठी डोळे हैदराबादकडे लागत. पुढे ती जागा सोलापूर, औरंगाबाद आणि १९७० च्या दशकापासून अंबाजोगाई येथील वैद्यकीय महाविद्यालयांनी घेतली. कुष्ठरुग्णाला मात्र या वाटांपैकी कोणतीही वाट फार काळ मोकळी नव्हती. ज्याला खेड्यापाड्यांत रक्तपिती म्हणत आणि शिष्ट भाषेत महारोग, तो जडलेल्या माणसाचे उरलेले आयुष्य बहुधा गावाबाहेरच्या झोपडीत किंवा तुळजापूर, पंढरपूर यांसारख्या क्षेत्रांकडे जाणाऱ्या वाटांवर भिक्षा मागण्यात सरे. जनगणनेत १९३१ पर्यंत अंध, मूकबधिर आणि वेडसर यांच्याबरोबर कुष्ठरुग्णांचीही स्वतंत्र मोजणी होत असे. सरकारदरबारी त्यांची नोंद होती, उपचार जवळजवळ नव्हता.

जो होता तो तेलाचा. सुश्रुतसंहितेत तुवरक नावाच्या, पश्चिम समुद्राच्या काठी वाढणाऱ्या वृक्षाच्या बियांचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. हा वृक्ष म्हणजे सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर आणि कोकणात आढळणारे कडू कवठ, असे सामान्यतः मानले जाते. इंग्रजी अमलात त्याला आणि त्याच्या पूर्वेकडील भाऊबंदांना चौलमोग्रा या सामायिक नावाने ओळख मिळाली. तेल पोटात घेतले तर मळमळ आणि ओकारी इतकी होई की बहुतेक रुग्ण ते सोडून देत, म्हणून कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी आणि हवाईत अ‍ॅलिस बॉल यांनी १९१५ च्या सुमारास त्यापासून सुईने टोचण्याजोगी रूपे तयार केली. पुढे ही सुई थेट चट्ट्याच्या कातडीत, जवळ जवळच्या जागी टोचून द्यायची पद्धत रूढ झाली. अशा ठिकाणी आधी आग होई, सूज येई आणि मग काही आठवड्यांनी चट्टा फिका पडे. तो फिका पडणे हा औषधाचा गुण की टोचण्याने उठवलेल्या स्थानिक दाहाचा शेवट, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यांनी विचारला नाही असे नाही. परंतु उत्तर देण्याचे साधन त्यांच्या हाती नव्हते, कारण कुष्ठाचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हान्सेन यांनी पाहिला असला तरी तो प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नव्हता, आणि आजही वाढत नाही.

हैदराबाद संस्थानात या तेलाच्या उपचाराचे प्रमुख ठिकाण म्हणजे निजामाबादजवळील डिचपल्ली. स्कॉटिश मिशनरी डॉक्टर इझाबेल केर आणि त्यांचे पती जॉर्ज केर यांनी राजा नरसा गौड यांच्या मोठ्या देणगीच्या आधारे १९१५ च्या सुमारास येथे कुष्ठ इस्पितळ उभारले. मराठवाड्याच्या जिल्ह्यांपासून ते दूर, तेलंगणात होते, तरी संस्थानाच्या हद्दीत कुष्ठावर वैद्यकीय शिस्तीने उपचार करणारी इतकी नावाजलेली दुसरी संस्था दाखवणे अवघड आहे. मराठी वाचकाला कुष्ठसेवेचा इतिहास विदर्भाच्या बाजूने अधिक परिचित आहे: वर्ध्याजवळ १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी सुरू केलेले दत्तपूर, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन, वरोऱ्यात बाबा आमटे यांचे आनंदवन. त्या संस्थांचे मोठेपण वादातीत असले तरी त्यांच्यावर प्रकाश इतका एकवटला आहे की मराठवाड्याचा धागा तेलंगणाकडून येतो, ही बाब सहसा नजरेआड होते.

डिचपल्लीत १९२० च्या दशकात काम करणारे एक तरुण मिशनरी डॉक्टर जॉन लो हे पुढच्या कथेतील कळीचे पात्र आहेत. तेलाच्या सुयांचा अनुभव त्यांनी येथे घेतला, पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठसंशोधन केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते नायजेरियातील उझुआकोली या कुष्ठवसाहतीत गेले. दरम्यान औषधशास्त्रात मोठी उलथापालथ झाली होती. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे १९०८ मध्ये फ्रॉम आणि विटमान या रसायनशास्त्रज्ञांनी रंगद्रव्यांच्या अभ्यासात डॅप्सोन नावाचे संयुग तयार केले होते. जवळजवळ तीस वर्षे ते कपाटात पडून राहिले. सल्फा औषधांचा बोलबाला झाल्यावर १९३७ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये त्याचा जंतुनाशक गुण लक्षात आला, तरी सल्फाच्या हिशेबाने दिलेल्या मोठ्या मात्रेत ते विषारी ठरल्याने बाजूला सारले गेले. त्याचेच सौम्य केलेले रूप अमेरिकेच्या कारव्हिल कुष्ठालयात गाय फॅजेट यांनी १९४१ पासून शिरेतून दिले आणि परिणाम इतका ठळक होता की तेलाचे युग तिथेच संपले. भारतात मद्रासजवळच्या चिंगलपट येथे रॉबर्ट कॉक्रेन यांनी मूळ डॅप्सोनच तेलात घोटून सुईने देण्यास आरंभ केला. शिरेतील सुई महाग, तेलातील सुई दुखरी. हजारो गरीब रुग्णांना पुरेल अशी युक्ती यांपैकी एकीतही नव्हती. ती लो यांना सापडली. त्यांनी आणि त्यांचे सहकारी स्मिथ यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले की डॅप्सोन दिवसाला १०० ते २०० मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत, साध्या गोळीच्या रूपात तोंडाने दिले तरी पुरते. पैशांत मोजता येईल इतकी स्वस्त गोळी खेड्यातील रुग्णाच्या हाती पडणे शक्य झाले ते या निष्कर्षामुळे.

येथे एक पारिभाषिक खुलासा आवश्यक आहे. काटेकोर अर्थाने प्रतिजैविक म्हणजे एका सूक्ष्मजीवाने दुसऱ्याविरुद्ध तयार केलेला पदार्थ, जसे बुरशीपासून मिळणारे पेनिसिलिन किंवा मातीतील स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या जंतूंपासून मिळणारे टेट्रासायक्लिन. डॅप्सोन हे पूर्णतः रसायनशाळेतील अपत्य असल्याने या व्याख्येत बसत नाही. व्यवहारात मात्र आता जंतूंवर चालणाऱ्या सर्वच औषधांना हा शब्द लावला जातो आणि या लेखातही तो त्याच सैल अर्थाने घेतला आहे.

गोळी आली आणि तिच्याबरोबर एक कोडेही आले. उपचार सुरू झाल्यावर जंतूंनी शरीर भरलेल्या रुग्णांपैकी अनेकांना काही महिन्यांनी एकाएकी ताप चढे, चेहऱ्यावर आणि हातापायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठत, सांधे सुजत, डोळे लाल होत, नसा ठणकत. वैद्यकात याला दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया म्हणतात. महाराष्ट्रातील कुष्ठकर्मचारी आजही तिला नुसते रिअ‍ॅक्शन म्हणतात. मेलेल्या आणि फुटलेल्या जंतूंचे अवशेष रक्तातील प्रतिपिंडांशी, म्हणजे शरीराने परक्या पदार्थाविरुद्ध तयार केलेल्या प्रथिनांशी, जोडले जाऊन ऊतींत अडकतात आणि तेथे दाह पेटतो, असे तिचे मुख्य स्पष्टीकरण आहे. पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेत गाठी उठत नाहीत. जुना चट्टाच सुजून लाल होतो आणि जवळची नस काही दिवसांत कायमची निकामी होऊ शकते. पन्नाशीच्या दशकातील डॉक्टरांना वाटले की दोष औषधाचा आहे, आणि प्रतिक्रिया दिसताच डॅप्सोन कमी करण्याचा किंवा थांबवण्याचा प्रघात पडला. रुग्णाचा निष्कर्ष याहून सोपा होता: गोळीने रोग वाढला. गोळ्या बंद करून निघून गेलेल्या माणसाला परत आणणे हे त्या काळच्या कुष्ठकर्मचाऱ्यांचे सर्वांत कष्टाचे काम असावे, यात शंका घेण्याचे कारण नाही.

नेमक्या याच काळात डॅप्सोनची दुसरी बाजू कुष्ठाशी संबंध नसलेल्या एका आजारातून उजेडात आली. कोपर, गुडघे आणि नितंब यांवर असह्य खाजेचे बारीक फोड आणणारा डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा आजार कोणत्याही जंतूमुळे होत नाही. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनाशी त्याचा संबंध असल्याचे पुढे १९६० च्या दशकात कळले. पोर्तुगालमधील दोन डॉक्टरांनी १९५० मध्ये अशा रुग्णांना डॅप्सोन दिले तेव्हा दोनेक दिवसांत खाज थांबली, आणि औषध बंद करताच परतली. मारायला जंतूच नसताना औषध लागू पडत असेल, तर ते शरीराच्या स्वतःच्या पेशींवर काही करत असले पाहिजे, हा तर्क अटळ होता. पुढे स्पष्ट झाले की पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या, दाहाच्या जागी सर्वप्रथम धावून जाणाऱ्या पेशी ज्या विकराच्या साहाय्याने तीव्र, ऊती जाळणारी रसायने बनवतात त्या विकराला डॅप्सोन आवर घालते आणि त्या पेशींचे दाहस्थळी जमणेही कमी करते. फोडांत न्यूट्रोफिल दाटलेले असतात असे त्वचेचे अनेक आजार म्हणूनच त्याला प्रतिसाद देतात. कुष्ठातील गाठींवर मात्र, त्यांतही न्यूट्रोफिल असूनही, नेहमीच्या मात्रेतील डॅप्सोन फारसे चालत नाही. दाह ही एकच एक गोष्ट नाही, तिच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक औषध त्यांतील मोजक्याच अडवते, हा धडा या अपयशातूनच मिळाला.

मारणे आणि शमवणे या दोन क्रिया कुष्ठातच वेगळ्या मोजता येऊ लागल्या त्या १९६० नंतर. अमेरिकेच्या चार्ल्स शेपर्ड यांनी त्या वर्षी कुष्ठजंतू उंदराच्या पावलाच्या गादीत मर्यादित प्रमाणात वाढवता येतात, हे दाखवले. रुग्णाच्या कातडीतून काढलेले जंतू उंदराला टोचायचे, त्याला औषध मिसळलेले खाद्य द्यायचे आणि काही महिन्यांनी जंतू वाढले की नाही हे मोजायचे. परीक्षा संथ होती, कारण हा जंतू दुप्पट व्हायला सुमारे बारा ते चौदा दिवस घेतो. परंतु ती कातडीच्या रंगावर अवलंबून नव्हती. याच परीक्षेने १९६४ मध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू मलायात सिद्ध झाले आणि एका गोळीवर दशकानुदशके विसंबण्याची किंमत उघड झाली.

दुसरे औषध क्लोफाझिमिन. आयर्लंडमधील डब्लिन येथे व्हिन्सेंट बॅरी यांच्या चमूने १९५४ मध्ये क्षयावरील औषध म्हणून ते बनवले, तेव्हा त्याचे नाव बी ६६३ एवढेच होते. प्राण्यांवरील पुढच्या प्रयोगांत क्षयासाठी ते निरुपयोगी ठरले. मग १९६२ मध्ये उझुआकोली येथेच, लो यांच्यानंतर तेथे आलेले स्टॅन्ली ब्राउन आणि हॉगरझेल यांनी ते कुष्ठरुग्णांना दिले. जंतूंवर ते चालले, आणि त्याहून अनपेक्षित असे की हे औषध घेणाऱ्यांत लाल गाठींची प्रतिक्रिया कमी दिसू लागली. ज्यांना ती आधीच होती त्यांचीही काही आठवड्यांत उतरू लागली. ब्राउन यांनी १९६५ मध्ये या दाहशामक गुणाची स्वतंत्र नोंद केली. एकाच रेणूत जंतुनाश आणि दाहशमन हे दोन्ही असल्याची ही कुष्ठोपचारातील पहिली निःसंदिग्ध साक्ष म्हणता येईल. तिचे रासायनिक कारण कळायला आणखी चाळीसहून अधिक वर्षे गेली: २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी दाखवले की प्रतिकारशक्तीच्या टी पेशी उद्दीपित राहण्यासाठी पोटॅशियमचे कण बाहेर सोडणारा जो मार्ग वापरतात, तोच क्लोफाझिमिन बंद करते.

या औषधाची किंमत कातडीवर दिसते. क्लोफाझिमिन मुळात तांबड्या रंगाचे असून ते चरबीत आणि त्वचेत साठते; काही महिन्यांत चेहरा तांबूस तपकिरी आणि चट्ट्यांच्या जागा काळपट होतात, नडग्यांची कातडी कोरडी पडून खवले धरते, घामाला आणि लघवीला लालसर छटा येते. औषध थांबल्यावर रंग उतरतो, पण त्याला महिने, क्वचित वर्षही लागते. ज्या रोगात लपवणे हीच गावात टिकून राहण्याची पहिली अट होती, त्यात बरे करणारे औषधच रुग्णाला उघड करू लागले. गोऱ्या वर्णाच्या आणि लग्नाच्या वयाच्या मुलींनी ते नाकारणे हा हट्ट नव्हता, हिशेब होता, असे म्हणणे भाग आहे.

प्रतिजैविकांच्या दुसऱ्या घराण्यात, टेट्रासायक्लिनमध्ये, हाच शोध वेगळ्या रस्त्याने लागला. या घराण्यातील पहिले औषध १९४८ मध्ये ज्या अमेरिकी कंपनीने आणले तिच्या संशोधनाचे प्रमुख भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. तारुण्यपीटिकांवर टेट्रासायक्लिन देण्याचा प्रघात पन्नाशीच्या दशकातच पडला आणि त्याचे श्रेय जंतुनाशाला दिले गेले. पुढे १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉर्न गोलब यांच्या चमूने जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या मधुमेही उंदरांवर प्रयोग केला आणि या औषधाने हिरड्यांतील कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे प्रथिन, कुरतडणाऱ्या विकराला रोखल्याचे आढळले. जनावरात जंतूच नसल्याने शंकेला जागा उरली नाही. चेहऱ्यावर कायमची लाली आणि पुटकुळ्या आणणाऱ्या रोझेशिया या विकारासाठी ४० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिनची, जंतूंना न मारणारी मात्रा अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाली ती याच विचारधारेतून.

तिसरे मोजमाप मानवी त्वचेच्या पेशींचे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात केरॅटिनोसाइट नावाच्या पेशींचे थर रचलेले असतात आणि त्या फक्त आवरणाचे काम करतात, अशी दीर्घकाळ समजूत होती. राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये या पेशी काचेच्या बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्याची पद्धत बसवली, त्यानंतर हायडेलबर्गमध्ये १९८८ मध्ये कधीही न संपणारा असा एक पेशीवंश तयार झाला, आणि कळले की केरॅटिनोसाइट स्वतःच दाहाची हाक देतात. जखम, जंतू, ऊन किंवा चुकीचे प्रतिपिंड यांनी डिवचल्या गेल्या की त्या सायटोकाइन नावाची निरोपवाहक प्रथिने सोडतात; त्यांतील इंटरल्युकिन-८ हे न्यूट्रोफिलांना त्या जागी बोलावते. जर्मन संशोधकांनी २००१ मध्ये पेम्फिगॉइड या, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर टपोरे फोड आणणाऱ्या आजारातील प्रतिपिंड अशा बशीतील मानवी पेशींवर घातले. पेशींनी इंटरल्युकिन-८ सोडले, आणि डॅप्सोन घातल्यावर ते सोडणे मात्रेच्या प्रमाणात घटले. बशीत ना जंतू होता, ना न्यूट्रोफिल. डॅप्सोन दाहाला येणाऱ्या पेशींनाच अडवते असे नसून हाक देणाऱ्या पेशीचा आवाजही खाली आणते, हे त्यातून सिद्ध झाले. टेट्रासायक्लिन आणि एरिथ्रोमायसिनच्या घराण्यातील औषधांबाबतही केरॅटिनोसाइटवर असेच परिणाम आढळले आहेत. पेशीच्या गाभ्यात दाहाची जनुके जागी करणारा जो दुवा असतो, तो ही औषधे मंद करतात.

या सगळ्या ज्ञानाचा धाराशिवसारख्या जिल्ह्यात प्रत्यक्ष अवतार म्हणजे गोळ्यांचे एक पान. देशात १९५५ मध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाहणी, शिक्षण आणि उपचार ही त्याची त्रिसूत्री वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. रा. वि. वारदेकर यांनी घडवली होती आणि ती घरोघर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या बळावर चाले. त्या काळी हाती फक्त डॅप्सोन होते आणि ते वर्षानुवर्षे, पुष्कळांना जन्मभर घ्यावे लागे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन या तिन्हींचा एकत्रित, म्हणजे बहुविध औषधोपचार सुचवला. भारतात तो प्रथम ज्या जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत वर्धा होता, आणि १९८३ पासून नियंत्रणाऐवजी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जास्त जंतू असलेल्या प्रौढ रुग्णाचे पान अठ्ठावीस दिवसांचे असते. पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिनच्या दोन कॅप्सूल, क्लोफाझिमिनच्या तीन आणि डॅप्सोनची एक गोळी. उरलेले सत्तावीस दिवस घरी रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५० मिलिग्रॅम. अशी बारा पाने संपली की उपचार पुरा होतो. पानाच्या मागच्या बाजूला दिवसांची मांडणी असल्याने अक्षरओळख नसलेल्यालाही कोणती गोळी उरली ते दिसते. जंतू मारण्याचे मुख्य काम यात रिफॅम्पिसिन करते; क्लोफाझिमिन रोजच्या रोज पोटात जात असल्यामुळे गाठींची प्रतिक्रिया डॅप्सोनच्या एकट्या काळापेक्षा कमी झाली, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे.

पान कितीही सुबक असले तरी ते संपल्यावरही दाह उठू शकतो, आणि तो ओळखण्याची जबाबदारी पुन्हा पाहणाऱ्या डोळ्यांवर येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात चट्ट्याची तपासणी होते ती आजही पन्नास वर्षांपूर्वीसारखीच. रुग्णाला आधी डोळे उघडे ठेवून पद्धत समजावतात, मग डोळे मिटायला सांगून कापसाचे टोक कातडीला क्षणभर टेकवतात आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला सांगतात. बोट चट्ट्याच्या बाहेर पडले किंवा उचललेच गेले नाही, तर तेवढी जागा बधिर आहे. नंतर कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांखाली फिरवून ती जाड आहे का, दाबल्यावर दुखते का ते पाहतात. उपचार पुरा झालेल्या माणसाचा जुना चट्टा पुन्हा लाल झाला असेल तर तो रोग उलटला की प्रतिक्रिया आली, हा निर्णय तिथे घ्यायचा असतो: पहिल्यात जंतूंचे औषध पुन्हा द्यायचे, दुसऱ्यात प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड लगेच, कारण नस वाचवायची मुदत फार थोडी असते. धाराशिव जिल्ह्यातील कळंब, वाशी, भूम या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सहा सहा महिने फडावर राहतात. त्यांना पाने आगाऊ देता येतात आणि दिली जातात. प्रतिक्रिया मात्र आगाऊ देता येत नाही, ती फडावर उठते, आणि तिथे तिला बहुधा थकव्याची सूज समजले जाते. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने नव्वदच्या दशकापासून गावातल्याच बायकांना भारतवैद्य म्हणून तयार केले. त्या कामाचा रोख कुष्ठापुरता नव्हता, परंतु शेजारणीच्या अंगावरचा डाग सहज पाहू शकणारी, औषधाची जाण असलेली बाई गावात असणे हे कोणत्याही पाहणीपेक्षा मोलाचे ठरते.

या इतिहासाच्या उलट टोकाला एक अलीकडचा व्यवहार उभा आहे. अंगावर खाज, लाली किंवा नायटा दिसला की मेडिकलमधून ट्यूब आणून चोळायची, ही सवय राज्यात सर्वत्र पसरली आहे. अशा पुष्कळ मलमांत बुरशीवरचे औषध, जंतूंवरचे औषध आणि तीव्र स्टेरॉइड एकत्र असते. दोन दिवसांत लाली जाते तिचे श्रेय प्रतिजैविकाला मिळते. ती घालवलेली असते स्टेरॉइडने, आणि त्याच्या आडोशाला बुरशी पसरत राहते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची तीव्र स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी चोळण्याची सवय कायद्याच्या वेगाने बदललेली नाही. कुष्ठाचा आरंभीचा चट्टा अशा मलमाखाली काही काळ फिकाही पडू शकतो. निदान मात्र तेवढेच पुढे ढकलले जाते. दरम्यान डॅप्सोनचे मलम अमेरिकेत २००५ पासून तारुण्यपीटिकांवर मान्य आहे आणि भारतीय शहरांतही ते मिळते. कुष्ठवसाहतीतली स्वस्त गोळी सौंदर्याच्या दालनात पोचली आहे.

देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट डिसेंबर २००५ मध्ये गाठले गेले आणि कुष्ठाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. थोडे जंतू असलेल्या, एक ते पाच चट्ट्यांच्या रुग्णांना त्यानंतरही रिफॅम्पिसिन आणि डॅप्सोन ही दोनच औषधे सहा महिने मिळत होती. एप्रिल २०२५ पासून त्यांच्याही पानात क्लोफाझिमिन समाविष्ट झाले असून रंग बदलण्याचा प्रश्न आता पाठीवर एकच फिका चट्टा असलेल्या, एरवी कोणाच्या लक्षातही न येणाऱ्या माणसापुढे येतो, आणि पहिले पान हातात देतानाच चेहरा काळवंडेल, घाबरू नका, गोळ्या संपल्यावर रंग उतरेल, हे सांगण्याचे काम उपकेंद्रातील परिचारिकेकडे आणि आशा कार्यकर्तीकडे आले आहे.